डावखुऱ्या भेगा

सकाळचा चहा अजून पुरता पोटात गेला नव्हता, तेवढ्यात कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक करडी चौकट उघडली आणि तिने दोघी जावांना एका फटक्यात घरी बसवलं. निदान थोरलीने तरी तिचा तसाच अर्थ लावला.

"काय म्हणतंय ते?" तिने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"म्हणतंय, तुमची जुनी प्लगइन्स ह्या नव्या कॉम्प्युटरवर चालणार नाहीत. नवीन आवृत्ती घ्या, पैसे भरा," धाकटीने वाचून सांगितलं.

"भरले होते की."

"ते तेव्हाचे, ताई. आता दर वर्षी भरायचे."

"दर वर्षी? म्हणजे विकत घ्यायचं की भाड्याने राहायचं त्यात?"

"आणि नाही भरले तर डाग निघणार नाहीत, उडालेला रंग परत येणार नाही, रवाही पेरता येणार नाही."

"मग आपल्याकडे उरलं काय?"

"तुम्ही आणि मी."

"मग कठीण आहे," थोरली म्हणाली आणि उरलेला चहा एका घोटात संपवून मोकळी झाली.

फोटो दुरुस्त करायचा मोठा प्रोग्रॅम वेगळा. प्लगइन्स ही त्याला जोडलेली छोटी अवजारं. एक बारीक धूळ टिपायचं, एक विटलेला रंग सावरायचं आणि एक रवा पेरायचं. रवा हा शब्द त्या घरातला. जुन्या फोटोत जवळून पाहिलं की जो दाणा दिसतो, त्याला दोघींचे नवरे रवा म्हणायचे. कुणाचा जाड, कुणाचा बारीक. दुरुस्त केलेल्या जागेवर तो पेरला नाही तर ती जागा नव्या ठिगळासारखी उठून दिसते. मोठ्या भेगा आणि उडालेले तुकडे मात्र हातानेच भरायचे. ते काम थोरलीचं. बाकी सगळी कॉम्प्युटरची उठाठेव धाकटीची.

कॉम्प्युटर बदलला होता थोरलीच्या नातीने. जुना फार कुरकुरतो म्हणून तिने हौसेने नवा आणून बसवला होता, तेव्हा आता फोन तिलाच गेला.

"छोटी आजी, काही बिघडलेलं नाही," नात पलीकडून म्हणाली. "काही दिवस फुकट वापरून बघायला देतात. आवडलं तर पैसे भरा, नाहीतर सोडून द्या. तसंही हल्ली सगळं फोनवर होतं."

"फोनवर होतं म्हणे," फोन बंद झाल्यावर थोरली फणकारली. "तिचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो बघ म्हणावं. नाकाखाली शेंबडाची धार होती. मी काढलीय ती, ह्या हाताने. फोन आला नव्हता पुसायला."

धाकटी हसली, पण तिचं लक्ष त्या करड्या चौकटीवरच होतं.

एके काळी ही खोली म्हणजे स्टुडिओची मधली खोली होती. बाहेर थोरला भाऊ कॅमेऱ्यामागे उभा, आत धाकटा भाऊ डार्करूमच्या अंधारात, आणि मध्ये खिडकीशी थोरली. तिच्यापुढे रिटचिंगचं तिरपं टेबल असायचं. त्यात दुधी काच, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड आणि त्या उजेडावर निगेटिव्ह. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ती लोकांच्या चेहऱ्यांवरच्या पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काळज्या, सगळं हलक्या हाताने उचलून घ्यायची. लोक फोटो बघून म्हणायचे, कॅमेरा चांगला आहे. थोरला मान डोलवायचा आणि खिडकीकडे बघून हसायचा.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज तिलाच ऐकू येत नसे. सासूबाईंनी तिची जागा ठरवूनच ठेवली होती, चुलीपासून मोरीपर्यंत. पण थोरलीने जेवताना ताटावरून नजरही न उचलता सांगितलं, "हिला माझ्या हाताखाली द्या. काम उरकत नाहीये. मला माणूस लागतं."

सासूबाई म्हणाल्या, "तिला काय येतंय त्यातलं?"

"मला तरी कुठे येत होतं?" थोरली म्हणाली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने पेन्सिल हातात घेतली ती डाव्या हातात, आणि लगेच दचकून उजव्यात घेतली. माहेरी ह्या डाव्या हातापायी तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. थोरलीने ते पाहिलं. उठली, तिच्यासाठी आणलेलं टेबल दोन्ही हातांनी उचललं, खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उलटं ठेवलं आणि म्हणाली, "आता उजेड बरोबर येईल. हात बदलायचा नाही. टेबल बदलायचं."

मग शिकवणी सुरू झाली. "रेघ ओढू नकोस. रेघ दिसते. स्वल्पविराम काढ, बारीक बारीक, एकाला एक लागून. स्वल्पविरामाला कुणी बघत नाही, वाचून पुढे जातात." धाकटी स्वल्पविराम काढायला लागली. तिचे स्वल्पविराम उलट्या शेपटीचे यायचे, डावखुरे. थोरली म्हणायची, "येऊ देत. चेहऱ्याला काय कळतंय शेपटी कुठे आहे."

आयुष्यात आपल्यासाठी कुणी टेबल उचललं, हे धाकटी कधी विसरली नाही. तिने ते कधी बोलूनही दाखवलं नाही. त्या घरात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नव्हती. आभार मानायचे तर समोरच्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढायची, एवढंच.

पुढे दोघी बहिणींसारख्या भांडत, हसत, एकमेकींच्या पोरांना सांभाळत म्हाताऱ्या झाल्या. स्टुडिओ बंद झाला. आधी थोरला गेला, मग धाकटीचा नवरा. थोरली वरच्या मजल्यावर मुला-सुनेकडे राहत होती, धाकटी खाली. लोक आता नवे फोटो काढायला येत नसत, पण जुने दुरुस्त करायला येत. धाकटी कॉम्प्युटर शिकली. थोरलीसाठी तिने कॉम्प्युटरला जोडायची चित्रं काढायची पाटी आणली, तिचं पेन आणलं. थोरलीने ते पेन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारपणी पाटी-पेन्सिल परत आली गं." तेव्हापासून रोज सकाळी ती कठड्याला धरून जिना उतरायची आणि पाटीसमोर बसायची. धाकटी फोटो इतका मोठा करून द्यायची की कुणाचा तरी एक गालच अख्खी स्क्रीन व्यापायचा. मग थोरली त्या गालावरची भेग बुजवत बसायची, आणि धाकटी शेजारी बसून तिच्याशी वाद घालायची.

धाकटीच्या लेखी आता दिवसाला तेवढाच अर्थ होता.

ती करडी चौकट उघडली त्याच सकाळी कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. पाव भाजायच्या ट्रेमध्ये, बटर पेपरखाली झाकून, त्याने एक फोटो आणला होता.

"भाजून नाही ना आणलास?" थोरलीने विचारलं.

"तसंच म्हणा, मावशी," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "भट्टीजवळच्या भिंतीवर होता. काचेला चिकटला. मी काढायला गेलो आणि..."

आणि निम्मा काचेवरच राहिला होता. त्याचे आईवडील त्यांच्या पहिल्या भट्टीसमोर उभे होते. वडिलांचा अर्धा चेहरा उडाला होता. उरलेल्या कागदाला तळं आटल्यावर जमिनीला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. एक लांबलचक भेग आईच्या कपाळातून निघून गळ्यावरून थेट पदरापर्यंत गेली होती.

"दुकान नव्याने रंगवतोय. उघडेन त्या दिवशी हा भिंतीवर हवा. भट्टीपासून लांब लावेन," तो म्हणाला. "पण नाही जमलं तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही." वाईट वाटून घ्यायची पूर्ण तयारी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"ठेवून जा," थोरली म्हणाली.

तो गेल्यावर तिने भिंग लावून फोटो पाहिला आणि एक लांब श्वास सोडला. धाकटीला वाटलं, फोटोची दशा बघून सोडला असेल.

दुपारी थोरली वर जाऊन पडली. धाकटीने फोटो स्कॅन केला, नातीने सांगितलं होतं तशी नवी प्लगइन्स फुकट वापरण्यापुरती उतरवून घेतली आणि बिचकत बिचकत बटण दाबलं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. धाकटीने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तोवर काम झालं होतं.

भेगा नव्हत्या. एकही नव्हती. वडिलांच्या चेहऱ्याचा उडालेला अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यावरून बेतून भरला होता, आणि वेडावाकडा नव्हे, चांगला माणसासारखा. रवासुद्धा पेरलेला होता, जुन्या कागदाचा असतो तसाच जाडसर. ठिगळ शोधूनही सापडेना.

"अगं बाई," धाकटी मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं तरी म्हणाली. कुठल्या लांबच्या गावात बसून हे अवजार कुणी घडवलं असेल, त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला तिला. अशा फोटोवर दोघींनी पूर्वी सकाळीमागून सकाळी घालवल्या असत्या आणि तरी बेकरीवाल्याला शेवटी म्हटलं असतं, एवढंच जमलं बाबा.

आणि मग बटणावरचा तिचा हात मागे आला.

कारण भेगाच नसतील तर थोरली उद्या खाली कशाला येईल?

ती खुर्चीत मागे टेकली. आता पाटीचं काय, पेनचं काय? एका निळ्या पट्टीने जे केलं ते थोरलीच्या साऱ्या जन्माचं कसब. ते तिला दाखवायचं कोणत्या तोंडाने? पैसे भरायचे म्हणजे ज्या बाईने आपल्यासाठी टेबल उलटं केलं, तिच्या खालची खुर्ची काढून घ्यायची. धाकटीने तिथल्या तिथे ठरवलं, नको. नाही भरायचे.

पण बेकरीवाल्याचा फोटो? त्याचे वडील तर पडद्यावर अख्खे उभे होते. त्यांना पुन्हा फाडायचं? आणि तो अर्धा चेहरा थोरलीकडून करून घ्यायचा म्हणजे तिच्या डोळ्यांचे हाल. धाकटीने बराच वेळ विचार केला. जुन्या भेगांपैकी एखादी थोडीशी परत आणावी म्हटलं, तर चेहरा वाचवताना ती लांब भेग गळ्यापाशीच थांबली असती, आणि थोरलीने विचारलं असतं, ही पुढे कुठे गेली?

शेवटी तिने असं काही केलं, जे त्या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं. पेन उचललं आणि ज्या हाताने उभा जन्म भेगा बुजवल्या, त्या हाताने भेगा काढायला बसली. चेहऱ्यांवर नाही, तिथे तिचं मन होईना. वडिलांच्या कोटावर दोन, मागच्या भिंतीवर दोन-तीन, आईच्या पदराच्या काठाशी एक छोटीशी. पोरांना सोपी गणितं घालून द्यावीत तशा, सरळ, साध्या, सुटण्यासारख्या भेगा. काम संपल्यावर तिने लांबून पाहिलं. अगदी खऱ्या वाटत होत्या. तिला स्वतःचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली येऊन बसली.

"चेहरे मी कालच उरकले," धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली. "कोट आणि भिंत तुमच्यासाठी ठेवलीय."

"चेहरे? एका दुपारी?"

"हात चालला होता छान."

"आणि ते नवीन प्लगइन? बघितलंस का?"

"बघितलं. काही खरं नाही त्याचं. महाग आहे, शिवाय रवा खातं. चेहरे कसे गुळगुळीत होतात, साबण लावल्यासारखे. आपण आपलं हातानेच करू, पूर्वीसारखं."

थोरलीने चष्मा नाकावर ओढला. "बरं," म्हणाली आणि पेन उचललं.

धाकटीने कोट मोठा करून दिला. एका बटणाएवढा तुकडा स्क्रीनभर पसरला. थोरली वाकली. एक भेग बुजवली. दुसरीशी आली. थांबली. आणखी वाकली, इतकी की नाक स्क्रीनला लागायचं बाकी राहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. धाकटीला वाटलं, ठसका लागला. ती पाण्यासाठी उठणार, तोच थोरली म्हणाली,

"धाकटे, भेग कशाने पडते गं?"

"कागद सुकला की पडते. का?"

"सुकलेला कागद स्वल्पविराम काढतो का?"

धाकटी उठता उठता परत खाली बसली.

"आणि तेसुद्धा डाव्या हाताने?" आता थोरली उघड उघड हसत होती. तिने पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं. "ही बघ शेपटी. ही बघ दुसरी. अगं, भेगासुद्धा स्वल्पविरामांनी काढल्यास? एवढी शिकवणी डोक्यात भिनवून घ्यायची असते का?"

धाकटीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चोरी करायची तर तिथेही हात शिकवल्याप्रमाणेच चालला होता. तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने खरं ते सगळं सांगून टाकलं. निळी पट्टी, अख्खे झालेले वडील, मनातली भीती.

"मला वाटलं, तुमचं काम गेलं तर..."

"तर काय? मी मरेन?"

"ताई, काहीतरीच काय बोलता!"

"अगं, कंटाळले मी!" थोरलीने पेन पाटीवर आपटलं. "भेगा, भेगा, भेगा. जन्मभर दुसऱ्यांच्या गालांवरचे खड्डे बुजवले. मान धरते माझी. दुपारभर शेकत पडलेली असते. सुनेला बजावून ठेवलंय, खाली बोलशील तर बघ."

धाकटी आ वासून बघत राहिली. "मग येत कशाला होतात रोज?"

"कशाला म्हणजे? भाऊजी गेल्यावर तू ह्या खोलीला कुलूप लावून बसली होतीस. आठवतंय? मी पाटी घेऊन इथे बसते म्हटलं तेव्हा कुठे उघडलंस. म्हटलं, हिला एकटीला ही खोली खायला उठते. आपण आपलं जाऊन बसावं. बसल्या जागी चार भेगा बुजवाव्यात."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी येत होतात," धाकटी म्हणाली.

"आणि तू माझ्यासाठी फोटो खराब करत होतीस. बेकरीवाल्याला कळलं असतं तर त्याने आपल्या दोघींना भट्टीत घातलं असतं." थोरलीने डोळे पुसले. ते हसून आले होते की कसे, सांगता येत नव्हतं. "तशी तुझ्या आधी ही लबाडी मीच केलीय म्हणा. तुला दिलेली पहिली निगेटिव्ह आठवते? गोल चेहऱ्याची बाई? गिऱ्हाइकाची आहे म्हणून सांगितलं होतं?"

"तुमची मावशी."

थोरली जागच्या जागी थिजली. "तुला माहीत होतं?"

"थोड्याच दिवसांत कळलं. तुमच्या अल्बममध्ये होती की ती, तुमच्या शेजारी, तोंडभर हसत. म्हटलं, ह्या घरात कामाचा एवढा ढीग आहे म्हणतात, आणि मला मात्र घरच्याच मावश्या देतायत."

"काम कुठलं एवढं? माझं मला पुरत नव्हतं," थोरली म्हणाली. "पण मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चुलीपाशी गेले असते. मला ती खुर्ची हवी होती, ताई. फार हवी होती." तिने पदराशी चाळा केला. एवढ्या वर्षांत जे पोळी वाढून भागवलं होतं, ते अखेर तोंडातून निघालं. "तुम्ही दिलीत म्हणून मी माणसात आले."

थोरलीला असलं काही ऐकायची सवय नव्हती. तिने उगीचच पाटी सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली.

"हवी होती ना? म्हणून दिली," ती शेवटी म्हणाली. "आता माझं ऐक. मला नकोय ती. बसून बसून पाठीचं भुस्कट झालंय. दाखव बघू ते तुझं निळं काय ते."

धाकटीने मूळ फोटो उघडला, भेगांनी भरलेला, अर्ध्या चेहऱ्याचा. बटण दाबलं. पट्टी सरकली. थोरलीने तोंडावर हात ठेवला.

"परत कर."

"झालं की."

"तसं नाही. परत भेगा आण. परत घालव."

धाकटीने भेगा आणल्या, घालवल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा घालवल्या. थोरली लहान मुलासारखी टाळ्या वाजवत होती. "आणि तू म्हणे, रवा खातं! अगं, हे तर आपल्यापेक्षा चांगला रवा पेरतंय. पैसे भर."

"बघू," धाकटी म्हणाली.

"बघू काय? भर."

"भरते हो. घाई काय एवढी."

पण त्या दिवशी तिने भरले नाहीत. थोरली बोलली ते खरंच मनापासून, की जावेचं मन राखायला, याची तिला खात्री होईना. त्या बाईला दुसऱ्यासाठी खोटं बोलायची सवय होती, हे तर तिने आत्ताच कबूल केलं होतं. धाकटीने ठरवलं, उद्या सकाळपर्यंत थांबायचं. नेहमीच्या वेळेला पायरी वाजली, तर समजायचं की खुर्ची अजून हवीय, मग तोंडाने काहीही म्हणो.

सकाळी तिने दोन कप चहा केला आणि कान जिन्याकडे लावून बसली. दूधवाला येऊन गेला. शेजारच्यांची मुलं शाळेत गेली. पायरी वाजली नाही. चहावर साय धरली, तिने तो पुन्हा गरम केला, पुन्हा साय धरली. आता तिला दुसरीच भीती वाटायला लागली. काल मान धरते म्हणाली होती. काही झालं तर नसेल? ती तशीच उठली आणि धापा टाकत वर गेली.

सुनेने ओठांवर बोट ठेवून दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे खूण केली.

थोरली झोपली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात उशीखाली. खिडकीतलं ऊन पार तिच्या पायांपर्यंत आलं होतं आणि ती अशी घोरत होती की बाकी कुणाला झोपायची सोय नव्हती. तोंड किंचित उघडं. कपाळ मोकळं, एक आठी नाही. धाकटीने तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. कशी पाहणार? ती सून म्हणून आली तेव्हापासून घरात सगळ्यांच्या आधी थोरली उठायची, आणि स्टुडिओ बंद झाला, सासूबाई गेल्या, नवरा गेला, तरी उठतच राहिली. अलीकडची काही वर्षं तर केवळ आपल्यासाठी.

"उठवू का?" सुनेने हळूच विचारलं.

"खबरदार," धाकटी म्हणाली. "पोटभर झोपू दे."

ती पावलांचा आवाज न करता खाली आली. कॉम्प्युटर लावला. करडी चौकट आली तशी पैसे भरायची खिडकी उघडली आणि भरून टाकले. नातीने शिकवलं होतं तसे, एकही आकडा न चुकता. मग सायीचा चहा गाळून एकटीच प्यायली. खोली खायला उठली नाही. वर कुणीतरी सुखाने घोरत असलं की खालच्या खोलीला तेवढी सोबत पुरते, हे तिला नव्यानेच कळलं.

दुपार व्हायला आली तेव्हा थोरली उतरली. केस धुतलेले, चेहरा तुकतुकीत.

"उठवलं नाहीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पैसे भरलेस?"

"भरले."

"शहाणी." ती मागच्या आरामखुर्चीत ऐसपैस बसली. "आता मला तो बेकरीवाल्याचा फोटो दाखव. तो गाल आणि बटण नको. अख्खा दाखव."

धाकटीने फोटो अख्खा लावला. दोघी बघत राहिल्या. भट्टीसमोर उभा असलेला जवान माणूस, त्याच्या शेजारी त्याची बायको, थोडी तिरकी उभी, जणू लगेच परत कामाला पळायचंय.

"बाई तापट होती," थोरली म्हणाली. "फोटोवाल्याला म्हणतेय, उरक लवकर, पाव जळतील."

"नाही हो. लाजलीय ती."

"लाजलेली माणसं अशी कमरेवर हात ठेवत नाहीत. आणि हा बघ कसा, मालक झाला म्हणून छाती काढलीय. पण धाकटे, ह्याचे हात बघ गं. ह्याने हात धुतले कधी?"

धाकटी पुढे वाकली. बेकरीवाल्याच्या वडिलांचे हात मनगटापर्यंत स्वच्छ होते, लग्नाला निघाल्यासारखे. तिने मूळ फोटो उघडून पाहिला. भेगांच्या आड दोन्ही हात पांढरे होते, पिठाने माखलेले.

"धूळ समजून पुसलं!" ती म्हणाली.

"आंघोळ घातली त्याला!" थोरलीला हसू आवरेना. "अरे देवा, भट्टीसमोर उभा करून आंघोळ घातली! वर्षाचे पैसे घेतलेत ना? सांग त्यांना, पिठाला धूळ म्हणू नका."

"लावते मी परत. तुम्ही लावता का?" धाकटीने पेन पुढे केलं.

"मी नाही बाई." थोरलीने हात पदरात लपवले. "तू लाव. मी इथून सांगते. मनगटापर्यंत लाव, आणि उजव्या हातावर जास्त, मळणारा हात तो. आणि जरा कोटाच्या बाहीवरही उडव. कोट घाईघाईत फोटोपुरता चढवलाय त्याने, त्याला लागलंच असणार. हां. बास. अगं बास, भट्टीत पडला की काय तो!"

धाकटीने पेन खाली ठेवलं. बेकरीवाला संध्याकाळी येणार होता, त्याला अजून वेळ होता. छापायच्या कागदाकडे तिने हात नेला, तशी थोरली म्हणाली, "थांब जरा. बघू दे ना नीट. इतकी माणसं आली आणि गेली ह्या खोलीतून, आपण एकाचंही तोंड धड पाहिलं नाही."

धाकटीने आपली खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ नेऊन ठेवली.

"कमरेवर हात आहे, हे मात्र खरं हं," ती बसता बसता म्हणाली.

"मग? सांगत होते काय मी."